आधीच एवढा हलतो, त्याला आणखी कशाला हलवायचं?

नाशिकच्या एका आईने विचारलंय, थोडक्यात मांडते. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आणि ओडीडी (मोठ्यांना सतत विरोध, हट्ट, चिडणं) असं निदान झालंय, गोळी सुरू आहे, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी सुरू आहे. वर्गात मारामाऱ्या, घरी ‘नाही’ म्हटलं की हाताला लागेल ते फेकणं. घराजवळच्या एका सेंटरने ‘मोशन सेन्सर म्युझिक थेरपी’चं ४० सेशनचं पॅकेज सुचवलंय. मूल हललं की यंत्रातून सूर निघतात म्हणे. त्यांचे दोन प्रश्न आहेत. जो एका जागी दोन मिनिटं बसत नाही, त्याला हलण्याचं बक्षीस देऊन काय साधणार? आणि घरी भावाचा जुना काइनेक्ट (व्हिडिओ गेमसाठीचा, शरीराची हालचाल टिपणारा कॅमेरा) पडलाय, त्यावर हे घरच्या घरी जमेल का?

ताई, तुमचा पहिला प्रश्न मला माझ्या सुरुवातीच्या काळात कुणीतरी विचारायला हवा होता. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांबरोबर मी चौदा वर्षं संगीतोपचाराचं काम करते, त्यातली गेली नऊ वर्षं सेन्सर घेऊन. त्यातलं पहिलं दीडेक वर्ष ‘हललं की वाजतं, मूल खूश’ एवढ्यावरच मीही खूश होते. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं, कारण नावामुळेच माणूस उगाच दबकतो. स्टँडवर एक सेन्सर असतो. तो आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो, तो हातावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. वटवाघूळ करतं तेच. मग त्या अंतराला सूर जोडायचा: हात जवळ नेला की सा, लांब नेला की प, किंवा आणखी काही. या जातीतलं नावाजलेलं यंत्र म्हणजे इंग्लंडमधलं साउंडबीम. एडवर्ड विल्यम्स या संगीतकाराने १९८०च्या दशकात ते मुळात नर्तकांसाठी केलं होतं, नाचणाऱ्याच्या अंगातूनच संगीत निघावं म्हणून. पुढे ते विशेष शाळांनी उचललं. दुसरी जात कॅमेऱ्याची. त्यात कॅमेरा शरीराचा एखादा बिंदू धरून ठेवतो आणि तो पडद्यावरच्या ठरावीक जागेत गेला की आवाज येतो.

आणि हे सगळं आपल्याला अगदी परकं नाही. शाळेत लेझीम खेळलात ना? शरीर हललं की वाजतं, थांबलं की गप्प. फरक इतकाच की लेझमीचा आवाज आणि हालचाल यांचं नातं लोखंडात ठोकून पक्कं केलेलं असतं. सेन्सरमध्ये ते नातं दर मिनिटाला बदलता येतं. कुठल्या हालचालीला कुठला आवाज द्यायचा, याला आम्ही जोडणी म्हणतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या जोडणीत आहे. यंत्र कुठल्या कंपनीचं आहे, हा भाग दुय्यम.

आता ‘आधीच हलतो’ याबद्दल. एडीएचडीच्या मुलाचं हलणं आपण बिघाड समजतो. तसं सरसकट म्हणता येत नाही. २०१५ साली युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना डोक्यात आकडे-अक्षरं धरून ठेवायची कामं दिली आणि त्यांची हालचाल मोजली. एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत होती तेव्हा त्यांचं काम बरं होत होतं. निदान नसलेल्या मुलांचं उलट झालं. म्हणजे खुर्चीत चुळबुळ करणारा तुमचा मुलगा कदाचित त्या चुळबुळीच्या जोरावरच बाईंचं ऐकत असतो. हा अभ्यास संगीताबद्दल नव्हता, तेव्हा त्याला फार ताणू नका. पण हलण्याशी भांडण करण्यात अर्थ नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. खरी अडचण आहे ती ब्रेकची. सुरू झालेली कृती मध्येच रोखणं या मुलांना जड जातं. पाय उचलला की लाथ बसेपर्यंत तो थांबत नाही, आणि बसल्यावर त्यालाच वाईट वाटतं. हे तुम्ही घरी पाहिलं असेल.

सेन्सरवर हाच ब्रेक चांगला घडवता येतो आणि हाच ब्रेक पार निकामीही करता येतो. दोन्ही मी स्वतः केलंय.

नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा. माझी खोली तेव्हा एका टेलरच्या दुकानावर होती, खालून शिलाई मशीनचा आवाज सतत यायचा. हा मुलगा बूट काढायला तयार नसायचा, कारण बूट काढले म्हणजे इथे थांबावं लागणार. मी सेन्सरला ढोल-ताशाचे आवाज जोडले होते. हेतू चांगला होता: याच्यात ऊर्जा आहे, तिला वाट देऊ. जोडणी अशी, की हालचाल जेवढी जोरात तेवढा आवाज मोठा. पहिली चार मिनिटं झकास गेली. तो हात फिरवायचा, ढोल घुमायचा, तो हसायचा, आणखी जोरात फिरवायचा. आवाज त्याला चढवत होता आणि तो आवाजाला. विसर्जनाच्या मिरवणुकीत पथकासमोर उभं राहिल्यावर आपलं काय होतं ते आठवा. आणि तिथे निदान ताशावाला तरी भानावर असतो. सहाव्या मिनिटाला त्याने स्टूल उचलून भिंतीवर फेकलं. मी सेशन थांबवलं. त्याची आई जिन्यात बसून रडली, आणि ती चूक तिच्या मुलाची नव्हती. माझी होती. एरवी त्याला जे होतं तेच मी यंत्राने मोठं करून दिलं होतं.

पुढच्या आठवड्यात जोडणी उलटी केली. मागे तानपुरा धीम्या आवाजात सुरूच ठेवला. सेन्सरमध्ये भूपाचे पाच सूर भरले: सा रे ग प ध. त्यात कुठलाही सूर कुठल्याही सुरापाशी खटकत नाही, त्यामुळे चुकायची सोयच उरत नाही. आणि अट अशी ठेवली, की हात सेन्सरच्या झोतात अर्धा सेकंद स्थिर राहिला तरच बासरी उमलणार. भर्रकन हात फिरवला तर काहीच नाही. मी सूचना एकही दिली नाही. तो आला, सवयीने हात भिरकावला, गप्प. पुन्हा भिरकावला, गप्प. ‘बिघडलंय तुमचं,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘असेल.’ मग तो यंत्राकडे वाकून बघायला लागला, आणि वाकताना त्याचा खांदा क्षणभर झोतात थांबला. बासरीचा एक ग निघाला. त्याने मागे वळून पाहिलं, कुणी वाजवलं म्हणून.

त्या दिवशी सर्वांत लांब सूर दोन-अडीच सेकंदांचा होता. सहाव्या आठवड्यात अकरा सेकंदांपर्यंत गेला. अकरा सेकंद हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल. ज्याला शाळेत दिवसाला पन्नासदा ‘थांब’ ऐकावं लागतं, तो मुलगा अकरा सेकंद स्वतःच्या हाताने थांबला होता आणि त्या थांबण्यातून काहीतरी गोड ऐकू येत होतं. आठव्या-नवव्या आठवड्यात मी दुसरा सेन्सर लावला, एक त्याचा, एक माझा. मी मुद्दाम त्याच्या सुरावर चढून वाजवलं, तेव्हा त्याने मला तळहात दाखवला आणि म्हणाला, ‘थांबा ना मॅडम, माझं चाललंय.’ रागावून ओरडला नाही, की मला ढकललं नाही. त्या दिवसाच्या वहीत मी तेवढं एकच वाक्य लिहिलंय.

ओडीडीसाठी याचा आणखी एक फायदा आहे, आणि तुमच्या घरी तो जास्त कामाचा वाटतो. ओडीडीचं चक्र असं: मोठ्या माणसाने सांगायचं, मुलाने नाही म्हणायचं, आवाज चढत जायचे, आणि शेवटी कुणीतरी एकाने हार मानायची. सेन्सरपाशी सांगणारं माणूसच नसतं. ‘हळू हलव’ हे मी म्हणत नाही, बासरी म्हणते. आणि बासरीशी हुज्जत घालता येत नाही. नियम असतो, पण नियमाला चेहरा नसतो, त्यामुळे पाळण्यात नाक खाली होत नाही. म्हणून सेशनमध्ये सारखं ‘शाब्बास, असंच, आता डावा हात’ करणारी थेरपिस्ट दिसली, तर यंत्राचा अर्धा उपयोग तिनेच घालवला असं समजा.

मुलगा चिडलेलाच आत आला, तर लगेच संथ जोडणी लावायची नाही. आमच्या क्षेत्रात १९४०च्या दशकापासून एक तत्त्व वापरतात: संगीत आधी माणसाच्या मनःस्थितीला जुळवायचं आणि मग हळूहळू हवं तिकडे न्यायचं. म्हणजे आधी दोन मिनिटं द्रुत लयीत केहरवा ताल, त्याला हवं तसं वाजू दे. मग लय एकेक पायरी उतरवत मध्य लयीत, मग विलंबिताकडे. आणि शेवटी तिहाई. तिहाईसारखा ब्रेक जगात दुसरा नसेल. तीनदा तेच, आणि तिसऱ्यांदा समेवर सगळं बंद. लहान मूलही दुसऱ्या वेळेनंतर ओळखतं, की आता थांबायचंय. ‘थांब’ हा शब्द अंगावर अचानक येतो, तिहाई आधी वर्दी देऊन येते.

आता काय-काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमच्या मुलाचं मारणं नेमकं कधी होतं, हे मला माहीत नाही, आणि सेंटरलाही माहीत नसेल तर ते आधी शोधावं लागेल. दोन आठवडे वहीत लिहा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. गर्दीत, गोंगाटात, डबा खाताना रांगेत मारामारी होत असेल, तर सेन्सरवर मिळालेला ब्रेक तिथे उपयोगी पडू शकतो. लिहायचा तास सुरू झाला की होत असेल, तर आधी लेखन-वाचनाची तपासणी करा. अक्षरं जुळत नाहीत म्हणून वर्गाबाहेर काढून घेण्यासाठी मारणारी मुलं मी खूप पाहिलीत, त्यांना बासरी नको, मदत हवी. कानाची तपासणी झाली नसेल तर ती पहिली करा. आकडी येऊन गेली असेल तर सेंटरला आधी सांगा, कारण अशा ठिकाणी बऱ्याचदा आवाजाबरोबर लुकलुकणारे दिवेही लावतात. अचानक मोठ्या आवाजाने तो कान झाकत असेल तर तेही सांगा.

आणि गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, हे ठामपणे सांगते, कारण ‘थेरपी सुरू आहे ना, मग औषध कशाला’ असं सुचवणारे भेटतात. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत औषध आणि त्याच्या जोडीने वर्तनाचं काम (त्यात पालकांचं प्रशिक्षणही) असंच सांगितलंय. आमचं काम त्याच्या बाजूला बसतं, त्याच्या जागी नाही.

पुरावा किती आहे, हे विचारलं नाहीत, पण ४० सेशनचे पैसे मोजण्याआधी विचारायला हवं. फक्त सेन्सर आणि फक्त वर्तनविकार असा भक्कम मोठा अभ्यास दाखवून मी तुम्हाला आश्वस्त करू शकत नाही. नुसत्या संगीतोपचाराबद्दल मात्र उत्तर आयर्लंडमध्ये चांगली चाचणी झाली, २०१७च्या आसपास प्रसिद्ध झाली: भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी असलेली ८ ते १६ वयाची २५१ मुलं, निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर १२ आठवडे संगीत. मुख्य अपेक्षा होती संवाद सुधारण्याची, ती एकूण गटात सिद्ध झाली नाही. स्वतःबद्दलची भावना सुधारली, उदासी कमी झाली, पण सेशन संपल्यानंतर काही महिन्यांनी तो फरकही टिकलेला दिसला नाही. हे वाचून मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या वहीशी ते जुळतं. खोलीत जे मिळतं ते आपोआप जिना उतरून घरी येत नाही. ते आणावं लागतं.

माझ्या त्या नऊ वर्षांच्या मुलाचंच बघा. अकरा सेकंद थांबायला लागल्यावरही शाळेत मारणं चालूच होतं. मग त्याच्या वर्गशिक्षिकेशी बोलले. सेशनमध्ये तो सूर धरताना तळहात उघडा ठेवून धरायचा, तीच खूण बाईंनी वर्गात वापरायचं कबूल केलं: ओरडायचं नाही, फक्त तळहात दाखवायचा आणि मनात तीन मोजायचे. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ते खरंच केलं. त्यानंतर कुठे तक्रारी विरळ झाल्या. बंद झाल्या नाहीत. शाळेने साथ दिली नसती तर काय झालं असतं, याचा मला फारसा संशय नाही.

तेव्हा त्या सेंटरला ४० सेशनचे पैसे एकदम देऊ नका. सहा ते आठ सेशन घ्या आणि सुरुवातीलाच विचारा, की आठव्या सेशनला आपण नेमकं काय मोजणार आहोत. ‘मूल शांत होईल’ हे मोजमाप नाही. ‘सुरू केलेली हालचाल खुणेवर किती वेळा रोखली’ हे आहे. जोडणी कोण ठरवतं, ती मुलागणिक बदलते का, हेही विचारा. सगळ्या मुलांना एकच तयार प्रोग्रॅम लावून थेरपिस्ट कोपऱ्यात मोबाइल बघत असेल, तर ते गेम पार्लर आहे. एक सेशन आत बसून बघू द्या म्हणा. आणि कॅमेऱ्याचं यंत्र असेल तर मुलाचं रेकॉर्डिंग होतं का, ते कुठे राहतं, कुणाला दाखवतात, हे लेखी घ्या. चिडलेल्या मुलाचा व्हिडिओ जाहिरातीत गेलेला मी पाहिलाय.

राहिला काइनेक्ट. २०१० साली आला, २०१७ साली त्याचं उत्पादन बंद झालं. जुना एक्सबॉक्सचा असेल तर कॉम्प्युटरला जोडायला वेगळा अडॅप्टर लागतो, सॉफ्टवेअरची खटपट आहे. एका माणसासाठी समोर साधारण सहा फूट मोकळी जागा लागते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत पलंग बाहेर काढावा लागेल. खिडकीतून ऊन आलं की जुन्या काइनेक्टला नीट दिसत नाही. एवढं करून एखाद्या संध्याकाळी तो अडकला, की तुमचा मुलगा तो फेकणार, आणि मला त्यात त्याची चूक दिसणार नाही. कॅमेऱ्यावर चालणारं काही करून बघायचंच असेल, तर ऑमी नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, आयपॅडवरही चालतं. पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन संगीतकार बाईंच्या पुढाकाराने ते अपंग मुलांसाठी तयार झालं, साधा कॅमेरा पुरतो.

त्यात एक गोष्ट मात्र सांभाळा, कारण बहुतेक घरगुती प्रयोग इथेच फसतात. स्पीकर वायरचा लावा, ब्लूटूथचा नको. सेन्सर दोन मीटरवरचा हात सुमारे १२ मिलिसेकंदांत ओळखतो, कॅमेरा एकेका चित्राला ३३ मिलिसेकंद घेतो, इथपर्यंत ठीक. पण ब्लूटूथ स्पीकर त्यावर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज वाढवतो. हात थांबला तरी सूर रेंगाळतो. तुम्हा-आम्हाला ते चालून जाईल. ज्याला ‘मी केलं म्हणून झालं’ हेच शिकायचंय, त्याच्यासाठी तेवढ्या उशिराने सगळा धागा तुटतो.

आणि खरं विचाराल तर घरी मी यंत्राऐवजी ‘स्टॅच्यू’ खेळा म्हणेन. तुम्ही लहानपणी खेळला असाल: कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हणतं आणि ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. तोच खेळ, फक्त शब्दाऐवजी डबा वाजवून. पत्र्याचा डबा वाजतोय तोवर नाचायचं, थांबला की पुतळा. पहिले आठ-दहा दिवस डबा त्याच्या हातात द्या, पुतळा तुम्ही व्हा, बाबांनाही करा. तुम्हाला थांबवायची सत्ता त्याला मनसोक्त भोगू द्या, तुम्ही हललात तर हसू द्या. मग एके दिवशी सहज डबा मागा. दिला तर वाजवा, नाही दिला तर दुसऱ्या दिवशी मागा. थांबण्याचा वेळ एका सेकंदापासून सुरू करा, आणि तो जिंकतोय अशा वेळीच खेळ आवरा. रागाच्या भरात असताना हा खेळ काढू नका, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नको. रोज दोन मिनिटं पुरे, जेवणाआधी.